दुसऱ्या भागाची कैफियत

शाळेच्या वार्षिकात शिक्षकाने चित्रपटाविषयी लिहावे, आणि तेही भुताने पछाडलेल्या एका बाहुल्याच्या, हे कित्येकांस रुचणार नाही. तथापि शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत या विषयावर जो वाद झाला त्यात आम्ही अगदी एकटे पडलो, आणि एकट्या पडलेल्या मनुष्यास आपली कैफियत मांडण्याचा अधिकार असतो. वादाचा विषय होता ‘झपाटलेला २’.

श्री. महेश कोठारे यांचा मूळ ‘झपाटलेला’ १९९३ साली आला, तेव्हा आम्ही सांगलीस विद्यार्थी होतो. तात्या विंचू नावाचा गुंड मरतेवेळी मंत्रबळाने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला शब्दभ्रमाचा नाद असलेल्या भोळ्या लक्ष्याच्या हाती येतो, ही त्याची कथा. लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी पाहून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. रात्री मात्र दिवा मालवून निजण्याचे धैर्य आम्हां भावंडांपैकी एकासही झाले नाही.

१६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे निवर्तले. त्यानंतर ७ जून २०१३ रोजी दुसरा भाग प्रदर्शित झाला, तो त्रिमितीत. ‘लक्ष्याविना झपाटलेला म्हणजे मिठाविना भाकरी,’ असे पुष्कळ जण म्हणाले व आजही म्हणतात. आक्षेप सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. काही विनोद ओढून ताणून आणलेले आहेत, आणि वस्तू अंगावर येण्याची गंमत दोनदा झाली की तिसऱ्यांदा शिळी होते. परंतु आमचे म्हणणे निराळे आहे.

लक्ष्याच्या जागी दुसऱ्या नटास उभे करून त्याच्याकडून बेर्ड्यांची नक्कल करविणे सोपे होते. कोठाऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी कथाच लक्ष्याच्या मुलाकडे नेली आणि ती भूमिका आपला मुलगा आदिनाथ यास दिली. श्री. दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचूस दिलेला आवाज तोच राहिला. रिकामी झालेली जागा मात्र प्रामाणिकपणे रिकामी ठेवली. आम्हांस यात थोर मनाची ओळख पटली.

हे आम्हांस इतके का भिडले, तेही सांगितले पाहिजे. २०१२ च्या जून महिन्यात आम्ही साताऱ्यास मराठी शिकविण्यासाठी रुजू झालो. आमच्या जागी पूर्वी जे गुरुजी होते त्यांच्यावर मुलांचा जीव होता. पहिल्याच तासाला एक मुलगा म्हणाला, “सर, ते कविता म्हणून दाखवीत असत.” आम्हीही चाल लावून पाहिली. आमचा गळा तो कसला! वर्ग हसला. वर्षभर आम्ही त्यांच्या लकबी, त्यांचे दृष्टान्त, इतकेच काय, त्यांची खडू धरण्याची पद्धतही उचलली, आणि दर दिवशी त्यांच्याहून थोडे उणेच ठरलो. उन्हाळ्यात सांगलीस घरी गेलो तो राजीनाम्याचा मसुदा खिशात घेऊनच. त्या सुटीच्या अखेरीस धाकट्या बंधूंनी आग्रहाने हा चित्रपट दाखविला. काळा चष्मा लावून बसलेले आम्ही इतरांबरोबर हसत होतो, पण मनात एकच विचार घोळत होता: गेलेल्या मनुष्याची नक्कल न करताही त्याचे काम पुढे नेता येते.

बाहुल्यांच्या दुनियेत ही गोष्ट नवी नाही. तात्या विंचूचा बाहुला घडविणारे श्री. रामदास पाध्ये यांच्या हाती अर्धवटराव आला तो वडिलांकडून, प्रो. य. के. पाध्ये यांच्याकडून. आमच्या सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. त्या जुन्या बाहुल्यांस पुन्हा रंगमंचावर आणले तेही याच रामदासांनी. लाकूड तेच, हात मात्र नवा.

जून महिन्यात शाळा उघडली. आम्ही चाल न लावता, आमच्याच साध्या आवाजात कविता वाचली आणि ती आम्हांस का आवडते ते सांगितले. वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून प्रश्न मात्र आला, आणि त्या प्रश्नाने तास संपला. मसुदा आम्ही त्याच सायंकाळी फाडून टाकला.

असो. बालमित्रहो, पुढील वर्षी तुमच्याही वर्गावर कोणी नवे शिक्षक येतील. जुन्यांची आठवण अवश्य ठेवा, ती कृतज्ञता होय; परंतु त्या आठवणीची छडी करून नव्यांच्या हातावर मारू नका. आणि सुटीत सवड झाली तर ‘झपाटलेला २’ एकवार पाहा. न आवडल्यास आमच्याशी भांडावयास या; आम्ही मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीतच असतो, आणि वाद अद्याप मिटलेला नाही.