घडीतला झेंडा

झोळीतून प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा तेवढा डोकावत होता, आणि त्या कोपऱ्यातून केशरी रंग. बाकी झेंडा आतच होता, कडक इस्त्रीच्या घडीत.

रामाकोन्याजवळ, कन्हानच्या काठी, श्रावणातल्या चिखलात तिरडी टेकवली होती. पोळा चार दिवसांवर आलेला. तालुक्यातले आठ-नऊ माजी सैनिक ओळीत उभे होते. टोप्या फौजेतल्या, पायात मात्र कुणाच्या चपला, कुणाचे गमबूट. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "टाका ना जी झेंडा आता." झोळी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हवालदारानं मान हलवली.

"ऑर्डर नाही न जी."

एवढंच. पुढे तो काही बोलला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. मला मात्र ते तीन-चार शब्द चिकटले.

राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धचा कायदा १९७१ चा. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची, हा कायदा २३ डिसेंबरचा. त्यात २००३ मध्ये भर पडली: सरकारी, सैन्यदलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्ययात्रा सोडल्या, तर तिरंगा कशावरही पांघरायचा नाही. पांघरला तर केशरी डोक्याकडे, आणि चितेत जाऊ द्यायचा नाही. घरी, खाटेवर, दम्यानं गेलेल्या पेन्शनर सुभेदाराची तिरडी या हिशेबात कुठे बसते? हवालदाराच्या मते बसत नव्हती. एकाहत्तरला बांगलादेशात लढलेल्या माणसाला एकाहत्तरचाच कायदा आडवा आला, आणि आडवा घातला तो त्याच्याच दोस्तानं.

छिंदवाड्यात २०२४ च्या मे महिन्यात कॉर्पोरल विक्की पहाडे यांना निरोप दिला गेला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पूंछच्या हल्ल्यात गेलेले ते वायुसेनेचे जवान. तिथे सगळं सरकारी इतमामानं झालं. खरं सांगायचं तर मला ती बंदुकांची सलामी कधी आवडली नाही. बार उडतो, झाडावरचे बगळे उठतात आणि कडेवरचं पोर रडायला लागतं. असो.

इथे बंदुका नव्हत्या. सुभेदारांची पदकं ठेवायला घरातून उशी आणली होती. अभ्र्यावर भरतकामाचे दोन पोपट, चोचीला चोच लावून बसलेले. त्या पोपटांच्या मधोमध एकानं 'पूर्वी स्टार' ठेवला, मग 'संग्राम मेडल'. उशी मऊ, पदकं कलंडायची. तो पुन्हा सरळ करायचा, एका रेषेत, अंगठ्यानं अंतर मोजून. पुष्पचक्राच्या फितीवर हिंदीत 'भावभीनी श्रद्धांजलि' छापलेलं. बाजूला सुभेदारीणबाईंचं रडणं मराठीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हापासून इकडचं असंच चाललंय. कागद हिंदीत, काळीज मराठीत. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा निघाला, सौसर त्यात आलं. फितीवरची भाषा तीच.

सुभेदार माझ्या आजोळचे शेजारी. मला ते आधी आठवतात ते त्यांच्या ट्रंकेमुळे.

नागपूरच्या इतवारीहून निघणारी नॅरोगेज सावनेर, केळोद, लोधीखेडा करत सौसरला यायची, तिथून रामाकोना. रुळांत अडीच फुटांचं अंतर. गाडी इतकी सावकाश की खिडकीतून सीताफळाच्या झाडाला विचारपूस करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं आजोळी जायचो आणि कधी कधी त्याच डब्यात सुभेदार भेटायचे. तेव्हा ते नाईक होते. ट्रंक सीटखाली जायची नाही, म्हणून दाराशी ठेवून ते तिच्यावरच बसायचे, आणि डब्यातल्या बाया त्यांना ओलांडून जाताना पदर सावरायच्या. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. नाव कायम. हुद्दा बदलला की काळ्या रंगाचा हात मारून नवा लिहायचा. पण खालचं अक्षर पुरतं झाकत नसे. नाईकाखाली सिपाही दिसायचा, पुढे हवालदाराखाली नाईक. उन्हात तिरपं पाहिलं की अख्खी नोकरी वाचता यायची. ट्रंक उघडली की आधी नॅप्थॅलीनचा वास, मग शक्करपारे. फौजेतले ते शक्करपारे दगडासारखे, दाढेखाली धरून वाट पाहावी लागे. आईच्या हातचे खुसखुशीत होते, पण मला आजही ते दगडीच बरे वाटतात. त्यात वेळ जायचा.

पेन्शनीत आल्यावर ट्रंक संत्र्याच्या बागेत गेली. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा चाकू, पट्ट्या, सुतळी, सगळं तिच्यात. डोळा बांधतानाही ते पाठ ताठ ठेवून उकिडवे बसायचे. आंबिया बहार किती धरला हे मात्र कुणाला खरं सांगायचे नाहीत. नॅरोगेज २०१५ च्या शेवटी बंद पडली. आता मोठी लाइन आहे, गाडी झपकन जाते, आणि सीताफळाचं झाड कोणतं ते कळत नाही.

काठावर बिगुल नव्हता. एकानं मोबाइल काढला, 'लास्ट पोस्ट' लावलं. आधी गुटगुटीत बाळांच्या साबणाची जाहिरात वाजू लागली. त्यानं फोन छातीशी दाबून धरला, डोळे समोर, चेहरा सावधान. जाहिरात संपली तसा हात वर केला. ओळ आपोआप ताठ झाली. गमबूटवाल्याचा उजवा हात कपाळाशी गेला तेव्हा कोपर पुरतं उचलत नव्हतं. शेजाऱ्यानं, नजर न हलवता, डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते खालून उचलून धरलं.

परतीच्या बसमध्ये हवालदार माझ्याच सीटवर होता. त्याला पुढे पांढुर्ण्याला जायचं होतं, लेकीकडे. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात तान्हा पोळा, पोरांच्या हातात लाकडी बैल. पांढुर्ण्यात त्या दिवशी गोटमार. जाम नदीत पळसाचं झाड रोवून वर झेंडा बांधायचा आणि तो मिळवायला सावरगाव आणि पांढुर्ण्यानं एकमेकांवर गोटे चालवायचे. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात. नातू यंदा पहिल्यांदा नदीवर जाणार म्हणतो, लेक रडून राहिली, तिला समजवायला चाललो, असं त्यानं सांगितलं. झोळी मांडीवर होती.

मी विचारलं, उघडायचाच नसतो तर दर वेळी इस्त्री करून आणता कशाला?

"आणा लागते जी," तो म्हणाला. "येन टायमाले ऑर्डर आली तं?"

कंडक्टरनं हिंदीत तिकीट विचारलं. हवालदारानं झोळी खिडकीच्या बाजूला सरकवली, पाऊस आत येतोय हे पाहून पुन्हा मांडीवर घेतली, आणि सुटे शोधू लागला.