बापाची बाजू

पितापुत्रांतील दुराव्याच्या कादंबऱ्या वाचताना दोष कोणाचा, हा प्रश्न आधी पुढे येतो. निवेदन कोणाचे, हा मात्र मागे राहतो. तुर्गेनेव्हच्या ‘फादर्स अँड सन्स’मध्ये (१८६२) तीन वर्षांनी घरी आलेला बझारोव्ह तीनच दिवसांत परत निघतो. मुलाला रुचणार नाही म्हणून वृद्ध वासिली आपला जिव्हाळा त्याच्यापुढे आवरून धरतो आणि त्याच्या भवितव्याविषयी विचारतो ते त्याच्या मित्राला, अर्कादीला. हे मुलाला दिसत नाही. तृतीयपुरुषी निवेदनामुळे वाचकाला दिसते. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःच निवेदक आहे. तेथे वडील भेटतात ते मुलाच्या रागातून आणि उपहासातून गाळून. पुण्यातील शिक्षणाचा खर्च सोसणाऱ्या या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे सांगणारा दुसरा आवाज कादंबरीत नाही. म्हणूनच त्यांना निव्वळ सत्ता गाजवणारा बाप ठरवणे म्हणजे निवेदकाची मर्यादा पात्राच्या माथी मारणे होय. बझारोव्हच्या थडग्यापाशी गुडघे टेकणारे आईबाप वाचकाला भेटतात, कारण मुलाच्या मृत्यूनंतरही निवेदन चालू राहते. पांडुरंगच्या वडिलांना ती सोय नाही. त्यांची माया वाचकाला मुलाच्या तक्रारींतूनच शोधावी लागते.