दगडातली नावे आणि जारमधली नावे

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ नदीपलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. ‘नाक’ प्रत्ययाच्या नावांवरून महार सैनिक ओळखू येतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, तेव्हापासून ही नावे वाचणाऱ्यांची रीघ वाढत गेली. संगणकाच्या परिभाषेतली ‘स्थिर’ फाइल अशीच असते. ती मागेल त्याला जशीच्या तशी द्यायची. सर्व्हरने त्यात काना-मात्राही बदलायचा नाही.

स्तंभावरील लेखांची छायाचित्रे, त्यांचे वाचन आणि गावातील वृद्धांच्या आठवणी आम्हाला १ जानेवारीला लोकांच्या फोनवर दाखवायच्या होत्या. त्या गर्दीत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. म्हणून एक लॅपटॉप, एक राउटर आणि जावा प्रोग्रॅमच्या पोटातच चालणारा जेटी सर्व्हर, एवढ्यावर भागवायचे ठरले.

आमच्या लॅपटॉपवर सारे सुरळीत चालले. जार बांधून दुसऱ्या लॅपटॉपवर नेली, तर प्रत्येक पानाला ४०४! आम्ही डिस्कवरील फोल्डरचा पत्ता दिला होता. जारमध्ये गेलेल्या फाइलींना असा पत्ता उरत नाही. त्या क्लासपाथवरून मागाव्या लागतात.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. नमुन्यातून उचललेल्या एका ओळीने फोल्डरची यादी दाखवण्याची मुभा दिली होती. ज्या फोल्डरात मुखपृष्ठ नाही, त्याचा पत्ता टाकताच आतल्या सर्व फाइलींची नावे दिसत. ध्वनिमुद्रणांच्या फाइलींना आम्ही सांगणाऱ्यांचीच नावे दिली होती. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराविषयी काही जण नाव न सांगण्याच्या अटीवरच बोलले होते. चाचणीत ती यादी फोनवर उघडली आणि आमच्या पोटात गोळा आला.

मुभा काढून घेतली, पण तेवढ्याने भागत नव्हते. फाइलीचे नाव ठाऊक असलेल्याला ती मिळतेच. शिवाय जार म्हणजे झिपच, हाती पडली की कुणीही उघडावी. म्हणून आम्ही सगळ्याच आठवणी बाहेर काढल्या.

१ जानेवारीला एका आजींनी विचारले, “आन् माझं बोलनं कुठंय?” त्यांनी कसलीच अट घातली नव्हती. भीतीपोटी आम्ही त्यांनाही गप्प केले होते. त्यांचे ध्वनिमुद्रण आता जारमध्ये आहे, त्यांच्या संमतीने आणि नावासकट.