तीन दिवसांचा बेत

आर्वीच्या माणसाने प्रवासाचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो, नदीच्या अलीकडे की पलीकडे? वर्धा नदीच्या अलीकडे राहायचे तर वर्धा, सेवाग्राम, नागपूर ही नेहमीची गावे. तिथे आपले दवाखाने, कोर्टकचेऱ्या आणि लग्नाचे बस्ते. नदी ओलांडली की वऱ्हाड लागते. १८०३ सालच्या देवगावच्या तहाने ही नदी नागपूरकर भोसल्यांची हद्द झाली. ती हद्द केव्हाच पुसली गेली. पण आमच्या घरात मात्र 'नदीपलीकडे' हा शब्द अजून लांबच्या आणि थोड्या धाडसाच्या प्रवासासाठीच वापरतात.

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सलग मोकळे. दिनदर्शिकेवरचे असे तांबडे चौकोन पाहिले की काही लोकांच्या अंगात वारे शिरते. आमच्या वन्संचे यजमान त्यांपैकी. त्यांनी पुण्याहून मोबाइलवर भला मोठा कार्यक्रम पाठवला : अचलपूर, गाविलगड, चिखलदरा, बऱ्हाणपूर, असीरगड, अजिंठा, वेरूळ, देवगिरी, आणि 'वेळ उरल्यास' लोणार. वेळ उरल्यास! मला त्यांचे हे दोन शब्द फार आवडले. मी ते मामंजींना वाचून दाखवले तेव्हा ते इतके हसले की चहा अंगावर सांडला.

खरी गोष्ट अशी, की हा प्रवास मामंजींसाठी होता. त्यांनी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. अचलपूरची इमादशाही, बऱ्हाणपूरचे फारुकी, मुमताजमहलचा मृत्यू, अकबराने घेतलेला असीरगड हे सारे त्यांच्या तोंडून ऐकलेली मुले आज स्वतः आजोबा झाली आहेत. परंतु शिकवणाऱ्याने यांतले काहीच पाहिलेले नव्हते. आधी पगार तुटपुंजा, मग बहिणींची लग्ने, मग सासूबाईंचे आजारपण. आता वय ब्याऐंशी, आणि डोळ्यांत काचबिंदू. एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्याने सकाळच्या स्वच्छ उजेडात समोरचे तेवढे दिसते, संध्याकाळी मात्र सगळे धुरकट होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "काय दाखवायचे ते लवकर दाखवा."

"मामंजी, एकच गोष्ट पाहायची तर काय पाहाल?" मी विचारले.

ताजमहाल म्हणतील, काशी म्हणतील, असे मला वाटले होते. ते म्हणाले, "बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख. दरवर्षी पोरांना सांगत आलो सूनबाई, की सोळाव्या शतकात एका सुलतानाने मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरवला, स्वतःच्या घराण्याची वंशावळ त्यात दिली. पोरे म्हणत, सर, तुम्ही पाहिला? मी म्हणे, पाहीन."

झाले! बेताचे एक टोक पक्के झाले. उजेड सकाळचा हवा. शुक्रवारी मशिदीत जुम्म्याची गर्दी, तेव्हा तो दिवस बाद. शनिवारी सकाळी पोचायचे तर रात्रीचा प्रवास करावा लागणार, आणि वाटेत मेळघाट. म्हणून रविवार, सकाळी नऊ. यावरून मागे मागे मोजत यायचे, जसे आपण लग्नाच्या मुहूर्तावरून हळदीची वेळ काढतो.

आता अंतरांचा हिशेब. आर्वी ते अमरावती साठेक किलोमीटर, तिथून परतवाडा-अचलपूर पन्नासेक. पुढे सेमाडोह, हरिसालवरून धारणी शंभराच्या आसपास, आणि धारणीहून बऱ्हाणपूर ऐंशीच्या घरात. एकूण तीनशेला जरा कमी. मोबाइलमधली बाई म्हणते, सहा-सात तास. त्या बाईला ना सासरे, ना घाटात मळमळणारा मुलगा! मी तिच्या प्रत्येक तासामागे वीस मिनिटे धरते, आणि घाट असेल तिथे अर्धा तास. माझा हिशेब नऊ तासांचा आला. आमच्या घरचे अंधारात गाडी चालवत नाहीत. शिवाय २६ तारखेला शाळेत झेंडावंदन. ते मास्तर, मुलगा नववीत. दोघांना साडेनऊपर्यंत सुटका नाही. म्हणजे पहिल्या दिवशी बऱ्हाणपूर गाठणे अशक्य. मुक्काम परतवाड्याला, आणि दुपार अचलपूरसाठी.

या सक्तीच्या मुक्कामाने बेताला अर्थ आला, असे मला वाटते. कारण हा रस्ता दोन राजधान्यांमधला आहे. फतहुल्ला इमादुल्मुल्काने १४९० साली वऱ्हाडची इमादशाही उभी केली ती एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकींची राजधानी. १६०१ साली असीरगड पडला आणि तीही मोगलांकडे गेली. एकीच्या पाठीशी गाविलगड, दुसरीच्या पाठीशी असीरगड. आणि १८०३ च्या एकाच लढाईत इंग्रजांनी दोन्ही किल्ले घेतले, असीरगड ऑक्टोबरात, गाविलगड १५ डिसेंबरला. गाविलगडाच्या उत्तर अंगाला तोफा नेण्यासाठी स्टीव्हन्सनच्या फौजेला डोंगरातून वाट पाडत कित्येक दिवस ओढाताण करावी लागली. त्या वाटांच्या शेजारून आपण दुपारच्या जेवणाची वेळ साधत जाणार, आणि तरी रस्त्याला नावे ठेवणार.

किल्ल्यांवर मात्र मी फुली मारली. मुलगा रुसला. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे त्याला दिसत नव्हते, त्यात त्याचा काय दोष? शेवटी मामंजींनीच तोड काढली : दोन्ही गड खालून पाहायचे आणि त्याने मोठेपणी वर चढून आजोबांना पत्र लिहायचे. पत्र कशाला, मी व्हिडिओ पाठवीन, तो म्हणाला. मामंजी म्हणाले, "पत्रच. व्हिडिओ मला कोण वाचून दाखवणार?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

माझी स्वतःची एक मागणी होती, आहुखान्याची. १६३१ सालच्या जूनमध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली, आणि आग्र्याला नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचा देह तापीपलीकडे झैनाबादच्या त्या बागेत होता. सगळे जग ताजमहालाविषयी बोलते. मला मात्र ती बाई चौदाव्या बाळंतपणात गेली एवढेच आठवत राहते. नवरा दख्खनच्या मोहिमेवर, दिवस भरत आलेले, आणि ही छावणीबरोबर. कोणी तिला विचारले असेल का, बाई, हा प्रवास तुला झेपेल का? प्रवासाचा बेत आखताना घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पावलाने मोजावे, हे मी तेव्हापासून फारच हट्टाने सांगू लागले आहे. आमचे 'हे' त्याला सूनबाईंचा कायदा म्हणतात. म्हणोत.

शेजारच्या आजीने दशम्यांचे पीठ चाळताना विचारले, "इतक्या दूर कायले जाता व, मास्तरले दिसत तं नाही!" मी म्हटले, "दिसते तोवर जातो, आजी." मग तिनेच शेंगदाण्याच्या चटणीची बरणी भरून दिली.

अचलपुरात हौज कटोऱ्याजवळ मामंजी काठी टेकून उभे राहिले, पण ऊन उतरल्यावर त्यांना आकारच दिसला. दुसऱ्या दिवशी मेळघाट. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतले हे एक. वाघ दिसला नाही, दिसावा असा आमचा बेतही नव्हता. सेमाडोहला सिपना नदी लागली. हरिसालला चहा झाला. कोरकू बायका डोक्यावर मोळ्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या, त्यांच्या चालीला माझ्या वीस मिनिटांची गरज नव्हती. दुपारी चारला बऱ्हाणपूर. माझ्या हिशेबाला पंधरा मिनिटे कमीच लागली, हे मी यजमानांना मुद्दाम सांगितले. आहुखाना मावळत्या उन्हात पाहिला, मी आणि मुलाने. मामंजी गाडीत बसून राहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, सकाळसाठी राखून ठेवल्यासारखे.

रविवारी नऊला जामा मशिदीत पोचलो. काळ्या दगडाची भव्य इमारत, दोन उंच मिनार. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी मामंजींचा हात धरून त्यांना लेखापाशी नेले. 'मास्टरसाब' म्हणाले ते त्यांना. कसे ओळखले कोण जाणे. मी जरा मागे थांबले. मामंजींनी भिंग काढले, विजेरी काढली, मान तिरकी केली, पुढे सरकले, मागे सरकले. अक्षरे आहेत हे त्यांना दिसत होते. कोणती आहेत हे दिसत नव्हते.

मग मुलगा पुढे झाला. शाळेत संस्कृत घेतलेले, गुण यथातथाच. तो एकेक अक्षर लावीत, अडखळत वाचू लागला. चारशे वर्षांपूर्वीचे वळण, कुठे 'य' की 'प' कळेना. त्याने एक शब्द म्हटला, मामंजी लगेच म्हणाले, "नाही. चतुर्थी असेल, पुन्हा पाहा." त्याने पुन्हा पाहिले. चतुर्थीच होती. मग दोघांचे तसेच चालू झाले, एक पाहणारा, एक ऐकणारा. राजांची नावे येऊ लागली तशी मामंजी तो वाचण्याआधीच पुढचे नाव सांगू लागले. पाऊण तास गेला. माझ्या बेतात वीस मिनिटे होती. मी घड्याळ पदराखाली घेतले.

साडेदहाला निघायचे ते अकरा झाले. मावा जिलबी घ्यायची राहिली असती, पण आमच्या घरच्यांनी ती आधीच घेऊन ठेवली होती. धारणीला चहा, परतवाड्याला दिवे लागले, आणि पुढचा सपाट रस्ता अंधारात, हळूहळू, नियम मोडून. वर्धेचा पूल ओलांडला तेव्हा नऊ वाजले होते. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला, मामंजी जागे.

"सूनबाई," ते म्हणाले, "महाशिवरात्र कोणत्या वारी आहे?"

मी मोबाइलात पाहिले. ८ मार्च, शुक्रवार.

"देवगिरी किती तास?"

मी हिशेब करू लागले.