मालकाचं गाव

ल्विव्हहून उत्तरेला, पोलंडच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाऊण तासात झोव्क्वा येतं. २०१९च्या सप्टेंबरात तिथे गेलो तो मार्शरूत्कानं. ही मिनीबस आपल्याकडच्या वडापसारखीच: भरल्याशिवाय हलत नाही, हात दाखवला की थांबते. मागच्या बाकावरून निघालेले भाड्याचे पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि उरलेले सुटे त्याच वाटेने परत येतात. बाहेर सपाट शेतं, मक्याची वाळलेली धाटं. उतरलो तेव्हा समोर तटबंदीचा तुकडा आणि त्यामागे एका नजरेत मावणार नाहीत इतके घुमट. तेरा-चौदा हजार वस्तीच्या गावाला एवढे घुमट कशाला, हा प्रश्न तिथेच पडला.

उत्तर एका माणसापाशी जातं. स्तानिस्लाव झोल्कियेव्स्की हा पोलंड-लिथुआनियाच्या राज्यातला सेनापती. १५९७च्या सुमारास त्याने विन्निकी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर वसवायला घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. बहुतेक शहरं एखाद्या उतारापाशी, बाजारापाशी हळूहळू वाढतात. हे आधी कागदावर आखलं गेलं. इटलीत तेव्हा ‘आदर्श नगर’ कसं असावं यावर ग्रंथ निघत होते. त्याच विचारांतून पाच कोपऱ्यांची तटबंदी, एका अंगाला किल्ला, त्यासमोर मोठा चौक आणि चौकाला लागून देवळं असा आराखडा उतरला. चौकाच्या कडेच्या घरांना खाली कमानींचा ओटा आहे. पावसात माल भिजू नये आणि गिऱ्हाईक थांबावं, एवढाच त्यामागचा हिशोब. त्या कमानींखाली आज औषधाचं दुकान आणि कॉफीचं टपरीवजा हॉटेल आहे.

१६०३ साली राजा तिसरा झिगमुंट याने झोव्क्वाला माग्डेबुर्ग कायदा बहाल केला. हा जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचा कायदा. मध्ययुगात तो पूर्वेकडे पसरत गेला आणि युक्रेनमधली शेकडो गावं त्याच्यामुळे ‘शहर’ झाली. तो मिळाला की रहिवाशांना आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क मिळे. राइत्सी म्हणजे नगरसेवक बाजार, वजनमापं, तटाची दुरुस्ती बघत, आणि वोय्त हा प्रमुख पंच ‘लावा’ म्हणजे बाकावरच्या पंचांसह न्यायनिवाडा करी. वाचायला छान वाटतं. पण झोव्क्वा खासगी शहर होतं. जमीन झोल्कियेव्स्कीची, तट त्याचा, तोफा त्याच्या. अशा शहरांत नगरसभेच्या निर्णयावर शेवटचा शब्द मालकाचा असे. कागदावर स्वराज्य आणि किल्ल्यात धनी, अशी ती व्यवस्था. शिवाय सगळे रहिवासी एका कायद्याखाली नव्हतेच. पोलिश, रुथेनियन (म्हणजे आजचे युक्रेनी), आर्मेनियन आणि ज्यू शेजारी राहत. ज्यूंचा कारभार त्यांचा ‘काहाल’ वेगळा बघे.

खुद्द झोल्कियेव्स्की गावात फार थोडा राहिला असणार. १६१० साली त्याने क्लुशिनोला रशियन फौजेचा पराभव केला, मॉस्कोत सैन्य घातलं आणि झार वसिली शुइस्कीला कैद करून पोलंडला आणलं. १६२०मध्ये त्सेत्सोराच्या मोहिमेत तो तुर्कांकडून मारला गेला. त्याचं मुंडकं इस्तंबूलला गेलं, खंडणी मोजून परत आणावं लागलं. सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये त्याचं दफन आहे. सोव्हिएत काळात हेच चर्च गोदाम म्हणून वापरलं गेलं.

त्याच्या नातीचा मुलगा यान सोबिएस्की पुढे पोलंडचा राजा झाला आणि १६८३ साली तुर्कांचा व्हिएन्नाला पडलेला वेढा उठवणारा म्हणून युरोपभर गाजला. गाव वारशाने त्याच्याकडे आलं, आणि या काळात झोव्क्वाला खरा बहर आला. ज्यू मुद्रक उरी फीबुश याने अॅमस्टरडॅमहून आपला छापखाना इथे हलवला तो सोबिएस्कीच्या परवान्यावर. दोनेक पिढ्यांत हिब्रू पुस्तकांसाठी हे आडगाव पूर्व युरोपभर माहीत झालं. सोबिएस्कीच्याच काळात उभं राहू लागलेलं सिनेगॉग अजून आहे: जाड भिंती, वर गढीसारखा कंगोरा. १९४१मध्ये जर्मनांनी सुरुंग लावले, आतला भाग गेला, भिंती उभ्या राहिल्या. मी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. खिडकीच्या जाळीतून बघितलं तर आत परांची आणि कबुतरं.

१७०६-०७च्या हिवाळ्यात आणखी एक पाहुणा आला. रशियाचा झार पीटर. स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सशी कसं लढायचं यावर इथे युद्धसल्ला बसला आणि ठरलं, की पोलंडच्या भूमीवर मोठी लढाई टाळायची, मागे हटत जायचं, जाताना धान्य-चारा जाळायचा. त्याच वाटेने स्वीडिश सैन्य १७०९ला पोल्ताव्यापर्यंत ओढलं गेलं. धान्य ज्यांचं होतं त्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही.

पुढचं भराभर सांगता येतं. १७७२ साली पोलंडची पहिली फाळणी झाली आणि गाव ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात गेलं. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड, १९३९ला सोव्हिएत संघ, १९४१ला जर्मनी, १९४४ला पुन्हा सोव्हिएत, १९९१ला स्वतंत्र युक्रेन. एखाद्या म्हातारीने घर न सोडता चार-पाच राज्यं पाहिली असतील. आजची मनोऱ्याची नगरपालिका, म्हणजे रातुशा, पोलिश काळात १९३०च्या दशकात किल्ल्याच्या अंगाला बांधली गेली. जुना टाऊनहॉल चौकाच्या मध्यभागी होता. तो एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला, म्हणून चौक आता उगाच मोकळा वाटतो.

या गावात १८९७ साली हर्श लाउटरपाख्ट जन्मला. ऑस्ट्रियाचा नागरिक, ज्यू, पुढे केंब्रिजमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक. १९४५ला न्यूरेंबर्ग खटल्याची सनद तयार होत असताना ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे कलम आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. सरकार आपल्याच नागरिकांना मारत असेल तर तो त्या देशाचा अंतर्गत मामला उरत नाही, हा त्यातला मुद्दा. तो हे लिहीत होता तेव्हा आपले आई-वडील आणि भावंडं मारली गेली आहेत, याची त्याला नीट खबरही नव्हती. एक भाची तेवढी वाचली. इथे झोव्क्वात २५ मार्च १९४३ रोजी सुमारे साडेतीन हजार ज्यूंना गावाबाहेरच्या झाडीत नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. फिलिप सँड्सचं ‘ईस्ट वेस्ट स्ट्रीट’ हे पुस्तक वाचून अनेक जण आता या गावी येतात. मीही त्यांतलाच. राज्यं येतात-जातात, कारभाराचे कायदे बदलतात, पण माणसाला राज्यापासून वाचवणारा कायदा हवा हे इतक्या ठामपणे सांगणारा माणूस नेमका अशा गावातून यावा, याचं मला नवल वाटत नाही.

सोव्हिएतांनी १९५१ साली गावाचं नाव बदलून नेस्तेरोव्ह केलं. प्योत्र नेस्तेरोव्ह हा रशियन वैमानिक. सप्टेंबर १९१४मध्ये त्याने इथल्या आकाशात ऑस्ट्रियन विमानावर आपलं विमान आदळलं. स्वतः मेला, समोरचे दोघेही मेले. शौर्य नाकारायचं कारण नाही, पण गावाशी त्याचं नातं एवढंच की तो इथे पडला. सोव्हिएत रिवाजाप्रमाणे गावाचा कारभार ‘विकोनकोम’ म्हणजे कार्यकारी समिती करी आणि ठरवी पक्षाची राइकोम, म्हणजे तालुका समिती. १९९२ला जुनं नाव परतलं, म्हणजे पुन्हा मालकाचंच.

मी परतल्यावर वर्षभरात, जुलै २०२०मध्ये, झोव्क्वाचा रायोन रद्द झाला. रायोन म्हणजे साधारण आपला तालुका. देशातले ४९० रायोन १३६वर आले आणि झोव्क्वा ल्विव्हच्या रायोनात विरघळलं. तालुक्याचं ठाणं गेलं की गाव खचतं, असा आपला अनुभव. इथे गणित वेगळं होतं. खालच्या पातळीवर ‘ह्रोमादा’ तयार झाल्या होत्या: एक शहर आणि भोवतालची खेडी मिळून एक स्वराज्य संस्था. शाळा, दवाखाने, स्थानिक कर तिच्याकडे, आणि तिच्या हद्दीतल्या संस्था-कंपन्यांनी दिलेल्या पगारावरच्या प्राप्तिकरातले तेव्हा ६० टक्के थेट तिच्या तिजोरीत. खेड्यांसाठी ‘स्तारोस्ता’ हा प्रतिनिधी. कोणा धन्याच्या मर्जीविना खर्च करता येईल असा पैसा नगरसभेच्या हाती येणं ही चारशे वर्षांतली मोठी गोष्ट.

ऑक्टोबर २०२०मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. मग फेब्रुवारी २०२२, रशियाचं आक्रमण. मार्चमध्ये यावोरिव्हच्या लष्करी तळावर क्षेपणास्त्रं पडली. तो इथून पश्चिमेला, फार लांब नाही. युद्धकायद्यात निवडणुका घेता येत नाहीत. सैनिकांच्या पगारावरचा करही आधी ह्रोमादांना मिळे. ऑक्टोबर २०२३पासून तो केंद्राकडे वळवला गेला. पैसा आघाडीवर हवा, असं सरकारचं म्हणणं. निवारे आणि विस्थापितांचा भार आमच्यावर आहे, असं महापौरांचं. हा वाद भर युद्धात उघडपणे झाला, आणि मला तो चांगला वाटला.