दशैंला कोण घरी जातं ते बघ

चि. ठमे,


मिशनकडून तुला आलेलं पत्र वहिनीने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. काठमांडूच्या खोऱ्यातलं मुलांचं मिशन, मुक्काम एक वर्ष, राहणं-जेवण त्यांच्याकडे, आणि 'कामाचं स्वरूप' ह्या रकान्यात एवढंच : मुलांना प्रेम देणे. दादाला ते वाचून भरून आलं. मी चष्मा काढून ठेवला. सगळी नोकरी बालगृहात अधीक्षिका म्हणून काढलेल्या बाईला असल्या रकान्यात स्वयंपाकघर, कपडे, अभ्यास, दवाखाना असं काहीतरी वाचायची सवय असते. वर्षाच्या बोलीवर प्रेम द्यायला माणूस बोलावतात, तेव्हा बोलावणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, घराणंच तसलं. पण जाण्याआधी हे वाच.

ती मुलं अनाथ आहेत असं धरून चालू नकोस. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. युनिसेफपासून तिथल्या स्थानिक संस्थांपर्यंत सगळ्यांनी हे वेळोवेळी सांगितलंय. आता नकाशा उघड. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येतं तो कास्की, आणि लोक गेंडे बघायला जातात तो चितवन. देशात जिल्हे ७७, आणि बालगृहांची गर्दी मुख्यतः ह्या पाचांत. गरिबी तिकडे कर्णालीत, हुम्ला-जुम्ल्याच्या डोंगरात. पण तिथे बालगृह काढलं तर बघायला कोण येणार?

मुलं मात्र त्या डोंगरांतूनच येतात. १९९६ ते २००६ ह्या काळात माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं. पोरांना पळवून नेतील, हातात बंदूक देतील, ह्या धास्तीने आईबापांनी जमिनी विकून, कर्ज काढून मुलं दलालांच्या हवाली केली. काठमांडूत चांगली बोर्डिंग शाळा आहे, शिकून मोठा होईल, असं दलाल सांगायचा. शहरात पोचल्यावर आईबाप वारल्याचे कागद तयार व्हायचे. काहींना खरंच शाळा मिळाली, काही उपाशी एका खोलीत कोंडली गेली. युद्ध संपलं तरी व्यवहार थांबला नाही, कारण तोवर त्याला गिऱ्हाईक सापडलं होतं : विमानाने येणारी, मुलांना बघून डोळे भरून येणारी, खिशात हात घालणारी भली माणसं. तुझ्यासारखी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला आदेश काढावा लागला, की आईबाप किंवा मंजूर पालक सोबत नसताना मुलांना जिल्ह्याबाहेर नेता येणार नाही. घरं पडली त्या गोंधळात मुलं उचलली जातील ही भीती काही हवेतली नव्हती.

हे एकट्या नेपाळचं नाही. कंबोडियात २००५ ते २०१० ह्या पाच वर्षांत अनाथालयं ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथेही आत राहणाऱ्या चारांतल्या तीन मुलांचं आई-वडिलांपैकी कोणीतरी हयात होतं.

कॉनर ग्रेनन नावाच्या अमेरिकन मुलाची गोष्ट तुला ठाऊक असेल, नसेल तर त्याचं 'लिटल प्रिन्सेस' मिळवून वाच. २००४ मध्ये तो जगप्रवासाला निघाला आणि सुरुवातीलाच काही महिने काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या एका बालगृहात राहिला. चार लोकांवर छाप पडेल हाही हेतू होता, हे त्याने स्वतःच लिहून टाकलंय, म्हणून मला तो आवडतो. अठरा-वीस अनाथ पोरं म्हणून ज्यांच्याशी तो खेळत होता, त्यांतल्या दोघांची आई पुढे एक दिवस दारात येऊन उभी राहिली. मग हा माणूस फोटो आणि नावं खिशात घालून हुम्लात गेला आणि दुखऱ्या गुडघ्याने गावोगाव चालत एकेकाचे आईबाप शोधत हिंडला. २००६ मध्ये त्यातून नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था निघाली. मुलांना अंगाखांद्यावर खेळवण्याचे त्याचे दिवस वाईट होते असं नाही. पण मुलांच्या उपयोगी तो खरा पडला तेव्हा मुलं त्याच्या आसपासही नव्हती.

आता आपल्याकडचं सांगते. पितृपंधरवड्यात, आणि एरवी वाढदिवसांना, बालगृहात पाहुण्यांची रांग लागायची. जिलबी आणायची, मुलांना ओळीत बसवून वाढायची, फोटो काढायचे. जाताना हमखास एखादी बाई म्हणायची, "किती लाघवी मुलं हो तुमची, ओळख ना पाळख, लगेच मांडीवर येऊन बसलं." आमची जुनी काळजीवाहिका तेवढ्यात पातेली उचलायच्या निमित्ताने तिथून जायची. तिला कळत होतं. घरातलं तीन वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड होतं. जे कोणाच्याही मांडीवर बसतं, त्याला आड व्हायला पदर नसतो.

हे आमच्या स्वयंपाकघरातलं शहाणपण, पण शास्त्रज्ञांनाही तेच दिसलं. रुमानियात डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथली अनाथालयं जगापुढे आली. पुढे नेल्सन, फॉक्स आणि झीना ह्या तिघा संशोधकांनी बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी अर्धी मुलं पालक-कुटुंबांत दिली, उरलेली होती त्या व्यवस्थेतच राहिली. कुटुंबांत गेलेली मुलं, आणि त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली, मनाने आणि बुद्धीने जास्त सावरली. छप्पर आणि जेवण संस्थेतही होतं. रोज सकाळी तेच माणूस उठवायला येईल ह्याची खात्री नव्हती. परदेशी तायांच्या बाबतीत तर ती खात्री कधीच नसते. एक विमानतळावर जाते, दुसरी उतरते, आणि मुलं पुन्हा पहिल्यापासून गाणं म्हणून दाखवतात.

तू दत्तवाडीच्या वस्तीत रविवारी शिकवायला जायचीस, तेव्हा कधी हे बोलायची वेळ आली नाही. ती पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन तुझ्या नकला करायची.

मिशन ह्या प्रकारावर माझा राग आहे असं दादाला वाटेल. केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल मला आदर आहे. ते काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आली. तमिळनाडूत डोहनावूरला मुलं सांभाळणारी एमी कारमायकेल १८९५ मध्ये भारतात आली, १९५१ मध्ये इथेच वारली, मधल्या काळात एकदाही मायदेशी गेली नाही. त्यांच्या धर्मकार्यावर वाद घालता येईल, लोकांनी घातलेलाही आहे. पण तिथल्या मुलांना दर वर्षी नवी आई मिळत नव्हती. बरं, नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचं धर्मांतर करवायला मनाई केलीय, तेव्हा तुझ्या मिशनमध्ये मुलांची नावं, बोली, देव शाबूत आहेत ना, तेही डोळ्यांखालून घाल. हुम्लातून आलेल्या पोराला आपल्या गावाचं नाव सांगता येत नसेल तर ते आपोआप विसरलं नसणार.

मग वर्षभर करायचं काय? ऑफिसात बस. तुझं अक्षर चांगलं आहे, एक्सेल येतं, नेपाळी तू दोन महिन्यांत बोलशील. प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये काय आहे ते विचारून बघ : कोण घेऊन आलं, वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयाचं पत्र आहे का, मृत्यूचा दाखला आहे का, शेवटचा फोन घरून कधी आला. दाखवत नसतील तर का दाखवत नाहीत ते लक्षात ठेव. तिथल्या शिक्षिकांना संगणक शिकव, त्या तुझ्यानंतरही तिथे असतील. मुलांजवळ झोपणाऱ्या, रात्री उठून पांघरूण घालणाऱ्या दीदींना आठवड्याची सुटी मिळते का, पगार वेळेवर होतो का, हे बघ. मिशनला तू भरणार आहेस ती रक्कम ऐकून मी गप्प बसले, पण त्यातलं दीदींपर्यंत किती पोचतं हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला काढून ने. त्यांनी मागितल्याचं मला पत्रात दिसलं नाही. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे सरहद्दीवरही कोणी काही विचारणार नाही. ज्यांनी तुला काही न विचारता मुलांत सोडलं, ते उद्या दुसऱ्या कोणालाही सोडतील. तू दाखला पुढे केलास की त्यांना निदान हा प्रश्न तरी सुचेल.

सगळ्यात मोठी परीक्षा दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, होईल. आपल्या घटस्थापनेलाच तिथे जव पेरतात. दहाव्या दिवशी थोरांच्या हातून कपाळाला तांदूळ-दही-शेंदराचा टीका लावून घ्यायचा आणि ते पिवळे अंकुर, त्याला ते जमरा म्हणतात, डोक्यावर धरायचे. कोजागिरीपर्यंत हे चालतं. काठमांडू रिकामं होतं, गावाकडच्या बसना उभं राहायला जागा नसते. त्या दिवसांत मिशनमधली किती मुलं घरी गेली ते बघ. आजी असो, काका असो, कोणीतरी टीका लावायला आहे का. कोणीच गेलं नाही तर कारण विचार. गाव लांब आहे, तिकडे जाऊन मुलं बिघडतात, परत आल्यावर इंग्रजी विसरतात, अशी उत्तरं मिळतील. ही उत्तरं मी मराठीतून पुष्कळ ऐकलेली आहेत.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांग की तू कोणत्या महिन्यात परत जाणार. मोठी मुलं तो हिशेब तशीही मनात मांडून असतात. एकालाच लाडकं करू नकोस. रडणारं मूल उचललंस तर उचल, पण त्याला दीदीकडे नेऊन दे. परत येईन असं तिकीट काढल्याशिवाय म्हणू नकोस. मुलांचे फोटो कुठेही टाकू नकोस, वहिनीलाही पाठवू नकोस. तिला तुझ्या खोलीचा, जेवणाच्या ताटाचा आणि स्वेटर घातल्याचा पाठव, तिला तेवढंच हवंय.

दशैंत मिशन रिकामं झालंच, तर चार दिवस पोखऱ्याला जाऊन ये, पैसे मी देते. रिकामं झालं नाही तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. आपण दोघी मिळून ठरवू कोणाला काय विचारायचं ते.

तुझी,
आत्या