कुणाचं गाणं कुठलं

आमच्या घरात सायमन आणि गारफंकल या गायकजोडीची गाणी वाटून घेतलेली होती. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' बाबांचं, 'होमवर्ड बाउंड' आईचं, 'अमेरिका' ताईचं आणि पुलाचं गाणं धाकट्याचं. ज्याचं गाणं लागेल त्याने म्हणायचं, इतरांनी मध्ये सूर लावायचा नाही. हा नियम कुणी केला ते आता आम्हां तिघांपैकी कुणालाच आठवत नाही, पण तो आम्ही पाळला.

बाबा नोकरीसाठी न्यूयॉर्कला आले आणि मागोमाग आई आम्हांला घेऊन आली. क्वीन्समध्ये, रेगो पार्कला भाड्याचं घर होतं. डाळी-मसाल्यांसाठी मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या कलुस्त्यानच्या दुकानात जायचं. फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ व्हायला अजून अवकाश होता; ते १९७७ साली झालं. घरात टेपवर माणिक वर्मा आणि बाबूजी. अशा घरात ताईने खाऊचे पैसे साठवून पहिली इंग्रजी रेकॉर्ड आणली, ती या दोघांची १९७२ साली निघालेली 'ग्रेटेस्ट हिट्स'. शाळेतल्या मुलींनी तिला सांगितलं होतं की हे दोघं आपल्या इथलेच, क्यू गार्डन्स हिल्सचे, फॉरेस्ट हिल्स हायस्कूलमधून शिकून गेलेले. पुढे धाकटा त्याच शाळेत गेला. परक्या देशात नव्याने आलेल्या मुलांना याचा केवढा आधार वाटला, ते सांगून कळायचं नाही. जगाने ऐकलेली गाणी आमच्या शेजारच्या वस्तीतल्या दोन मुलांची होती.

त्याआधी लहानपणच्या शाळेत 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चं नाटक बसलं, त्यात पॉल सायमन ससा झाला आणि आर्ट गारफंकल मांजर. तिथे त्यांची मैत्री जमली. १९५७ साली टॉम आणि जेरी अशी नावं घेऊन त्यांनी 'हे, स्कूलगर्ल' ही रेकॉर्ड काढली. एव्हर्ली ब्रदर्सची गाणी ऐकून ऐकून दोन आवाज एकमेकांत मिसळायला ते शिकले होते. कुठला आवाज कुणाचा हे ओळखायचा खेळ आम्ही रात्री अंथरुणात पडून खेळायचो. ताई नेहमी जिंकायची.

'द साउंड ऑफ सायलेन्स' मात्र कुणाच्याच वाट्याला दिलं नव्हतं, ते सगळ्यांचं. १९६४ च्या पहिल्या अल्बममध्ये ते नुसत्या गिटारवर होतं. अल्बम पडला, दोघं पांगले, सायमन इंग्लंडला निघून गेला. त्याच्या माघारी निर्माता टॉम विल्सनने, दोघांना न विचारता, त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले आणि जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. मला स्वतःला पहिलं, साधं ध्वनिमुद्रणच जास्त आवडतं. धाकट्याशी यावरून अजून वाद होतो.

आईचं 'होमवर्ड बाउंड' सायमनने त्याच इंग्लंडच्या मुक्कामात लिहिलं. उत्तरेकडच्या विडनेस स्टेशनवर त्याची पाटीही लावलेली आहे. गावोगावच्या क्लबांमधून गात फिरणारा एकटा मुलगा गाडीची वाट पाहतोय. पण त्याला ओढ लागली होती ती न्यूयॉर्कची नव्हे, तर इंग्लंडमध्येच मागे राहिलेल्या मैत्रिणीची. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय झालं? जिथे आपलं माणूस, तिथे घर." तिच्या डोळ्यांसमोर मिरज जंक्शन असायचं. गाणं लागलं की ती हातातलं काम थांबवायची.

आजी सांगलीहून एका हिवाळ्यात आली आणि तिने 'द बॉक्सर' आपलंसं केलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या गाण्याच्या धृपदात शब्दच नाहीत, नुसती अक्षरं आहेत. सायमनला तिथे शब्द सुचले नव्हते, म्हणून त्याने ती तशीच ठेवली. आजीने निर्वाळा दिला, "हा तराणा आहे," आणि ती बेलाशक गाऊ लागली. त्या अक्षरांमागून जो जबरदस्त ठोका येतो, त्यासाठी हॅल ब्लेन हा ड्रमवादक स्टुडिओबाहेरच्या बोळात, लिफ्टजवळ बसला होता. तिथला घुमारा त्यांना हवा होता. आजी त्या ठोक्यावर बरोबर टाळी द्यायची.

बाबांना या दोघांचं बाकी काही फारसं भावलं नाही. 'ब्रिज' लागलं की मात्र ते पेपर खाली ठेवायचे. मुख्य आवाज गारफंकलचा, साथीला लॅरी नेक्टेलचा पियानो, आणि शेवटी सगळा वाद्यमेळ उसळतो. बाबा म्हणायचे, "हे देवाचं गाणं आहे, फक्त देवाचं नाव घेतलेलं नाही." पुष्कळ वर्षांनी वाचलं की सायमनला ते सुचलं 'स्वान सिल्व्हरटोन्स' या कृष्णवर्णीय भजनी गायकवृंदाच्या एका रेकॉर्डवरून. बाबांच्या कानाने ते मूळ आधीच ओळखलं होतं.

धाकट्याचं पुलाचं गाणं म्हणजे 'फिफ्टी-नाइन्थ स्ट्रीट ब्रिज साँग'. क्वीन्समधून मॅनहॅटनला नेणारा हा पूल १९०९ सालचा. गाडी त्यावर चढली की तो मागच्या सीटवर गायला सुरुवात करायचा आणि पूल संपेपर्यंत थांबायचा नाही. 'अमेरिका' ताईने घेतलं, कारण त्यात न्यू जर्सी टर्नपाइक आहे, आणि त्याच रस्त्याने आम्ही रविवारी एडिसनच्या मराठी मंडळींकडे जायचो. त्या गाण्यात यमक जवळजवळ नाहीच, हे तिने मला दाखवून दिलं. त्यात मिशिगनमधलं सॅगिनॉही आहे. ताई पुढे कॉलेजला मिशिगनलाच गेली.

ती गेली तेव्हा मला माझं गाणं सापडलं. ते ताईच्या त्या रेकॉर्डवर नव्हतं. १९७० च्या 'ब्रिज' अल्बमच्या दुसऱ्या बाजूला होतं, 'द ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क'. गारफंकल 'कॅच-२२'च्या चित्रीकरणासाठी मेक्सिकोला गेला होता आणि सायमन गावात एकटा राहिला होता. त्याने मित्राला शाळकरी वयातल्या 'टॉम' या नावाने हाक मारून हे गाणं लिहिलं. मागे जो समूहस्वर ऐकू येतो तो या दोघांचाच, आवाजावर आवाज चढवत नेलेला. निरोपाचं गाणं असूनही त्यात तक्रार नाही. ताईच्या रिकाम्या कॉटवर बसून मी ते ऐकलं आणि तिला पत्र लिहिलं. माझ्या मते दोघांचं सर्वांत श्रेष्ठ गाणं हेच, 'ब्रिज'पेक्षाही.

१९७० सालीच, यशाच्या शिखरावर असताना सायमन आणि गारफंकल वेगळे झाले होते. 'ब्रिज' सायमनने लिहिलं आणि टाळ्या गारफंकलला मिळाल्या. त्याची खंत सायमनने पुढे बोलून दाखवली. मग १९ सप्टेंबर १९८१ ला उद्यानाच्या देखभालीच्या मदतीसाठी सेंट्रल पार्कमध्ये त्यांनी मोफत कार्यक्रम केला. तेव्हा पाच लाख माणसं जमल्याचं सांगितलं गेलं. त्यांत आम्ही होतो, सतरंजी आणि दशम्यांचा डबा घेऊन. ताईही मुद्दाम आली होती. 'ब्रिज' सुरू झालं तेव्हा बाबा उभे राहिले आणि संपेपर्यंत उभेच होते.

बाबा, आई, आजी आता नाहीत. आम्ही तिघं तीन राज्यांत आहोत. गाणी आता फोनवर सुटी सुटी ऐकली जातात, तशी ती ऐकलीही असतील तुम्ही. पण एकदा १९६८ चा 'बुकएंड्स' काढा आणि त्याची पहिली बाजू क्रमाने, मध्ये न थांबता ऐका. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास तिथे गाण्यांतून मांडलेला आहे. मधल्या एका तुकड्यात गारफंकलने ध्वनिमुद्रित केलेले खऱ्याखुऱ्या वृद्ध माणसांचे आवाज आहेत. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात. घरात वडीलधारं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवून ऐका, आणि त्यांचं गाणं कुठलं ते विचारून ठेवा.